पायाखालची चाकं, छातीतले ठोके

या अंकासाठी संपादकांनी ‘चाक’ हा विषय दिला, तेव्हा मनात आधी बैलगाडी आली, मग कुंभाराचं चाक, मग एसटी. त्यांवर लिहिणारे जाणकार अंकात असणारच. मी निघाले ती पायांना बांधायच्या चाकांच्या मागे. कारण माझ्या ओळखीतल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांची तक्रार बरीच वर्षं तीच आहे: दम लागतो म्हणून व्यायाम करायचा असतो, आणि गुडघे दुखतात म्हणून पळवत नाही.

पुण्याच्या एका उपनगरातला महापालिकेचा स्केटिंग रिंक. उजाडतं न उजाडतं तोच तिथे चाकांची खरखर सुरू होते. पाच-सहा वर्षांची मुलं क्वाडवर, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकं असलेल्या स्केट्सवर, तोल शिकत असतात. मोठी मुलं इनलाइनवर. त्यांच्या बुटाखाली तीन किंवा चार चाकं एका ओळीत बसवलेली. कंबरेत वाकून, एक हात पाठीवर ठेवून ती डावीकडचं वळण घेतात. वळणावर उजवा पाय डाव्यावरून पुढे पडतो आणि मुलगा क्षणात समोरच्या टोकाला पोचलेला असतो. मधोमध उभे असलेले सर ओरडत असतात, “खाली बस! अजून खाली! पायाकडे बघू नकोस!”

पायऱ्यांवर आईबाप बसलेले. जवळ पाण्याच्या बाटल्या, डबे, शाळेचे गणवेश. यातले बहुतेकजण पस्तीस ते पन्नाशीच्या दरम्यानचे. कुणाची साखर काठावर आहे, कुणाला रक्तदाबाची गोळी नुकतीच लागली आहे. रोज तासभर चालायला डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, पण तोच तास मुलांच्या क्लासमध्ये जातो. हृदयाला खरी गरज असलेली माणसं बसून आहेत आणि गरजेची साधनं दहा फुटांवर फिरताहेत.

हा लेख त्या पायऱ्यांवरच्या माणसांसाठी आहे. इनलाइन स्केटिंग हा हृदय आणि फुप्फुसांचा कस वाढवणारा, सांध्यांना सांभाळून घेणारा व्यायाम आहे. आपण मात्र त्याला मुलांचा छंद ठरवून टाकलं. दहावीचं वर्ष आलं की बूट माळ्यावर जातात, आणि त्या घरात पुन्हा कुणाच्याच पायात चढत नाहीत.

बर्फ वितळल्यावर

चाकं पायाला बांधण्याची हौस जुनी आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोसेफ मर्लिन नावाचा कल्पक कारागीर चाकांचे जोडे घालून मिरवायचा. १८६३ साली अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टनने वळणं घेता येतील असे चार चाकांचे स्केट्स बनवले आणि शहराशहरांत रिंक उभे राहू लागले. पुढची शंभरेक वर्षं रोलर स्केटिंग म्हटलं की लोकांना हेच क्वाड आठवायचे.

इनलाइनला आजचं रूप मिळालं ते मात्र व्यायामाच्या गरजेतून. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळा लांबलचक असतो आणि पोरंसोरं आइस हॉकी खेळतात. बर्फ वितळलं की खेळाडूंची पंचाईत होते, कारण पायांचा सराव तुटतो. १९८०च्या सुमारास मिनिआपोलिस शहरातल्या स्कॉट आणि ब्रेनन ऑल्सन या हॉकी खेळणाऱ्या भावांच्या हाती एका ओळीत चाकं असलेले जुने स्केट्स लागले. त्यांनी ती कल्पना घेतली, हॉकीचे बूट वापरले, त्यांखाली पॉलियुरेथेनची चाकं बसवली आणि उन्हाळ्यात रस्त्यावर सराव सुरू केला. त्यातूनच रोलरब्लेड ही कंपनी उभी राहिली. नव्वदच्या दशकात या चाकांनी अमेरिका आणि युरोपातल्या बागा, नदीकाठ आणि समुद्रकिनारे व्यापले.

बर्फाशी जडलेलं हे नातं आजही तुटलेलं नाही. अमेरिकेचा चॅड हेड्रिक आधी इनलाइनचा जगज्जेता होता. मग तो बर्फावर गेला आणि २००६ साली तुरिनच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ५००० मीटरचं सुवर्ण जिंकला. बेल्जियमचा बार्ट स्विंग्सही इनलाइनमधला अव्वल खेळाडू. २०२२ साली बीजिंगमध्ये त्याने बर्फावरच्या मास स्टार्ट शर्यतीचं सुवर्णपदक मिळवलं. हिवाळी ऑलिम्पिकमधल्या सुवर्णासाठी बेल्जियम १९४८पासून थांबला होता. चाकांवर कमावलेली मांडी आणि छाती बर्फावर जशीच्या तशी कामाला येते, याची याहून ठळक साक्ष कोणती हवी?

आपल्याकडे बर्फ नाही, पण रिंक आहेत आणि मेहनत करणारी मुलं आहेत. २०२३च्या हांगझौ आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेमध्ये कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या संघात आर्यनपाल सिंग घुमन आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्याबरोबर सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. २०२५ साली चीनमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत चेन्नईच्या आनंदकुमारने १००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि या खेळात भारताला पहिल्यांदाच जगज्जेता मिळाला. हे सगळं पदकांच्या मुक्कामाकडे नेणाऱ्या वाटेवरचं झालं. ज्यांना पदक नको, नुसता धडधाकट जीव हवा, त्यांच्यासाठी या चाकांत काय आहे हे समजून घ्यायला आधी बुटाकडे बघावं लागतं.

झिजलेलं चाक काय सांगतं

रिंकच्या कडेला एक ताई ॲलन की घेऊन मुलाची चाकं खोलत होत्या. झिजलेलं चाक त्यांनी माझ्या हातात दिलं. बाहेरची कड जवळजवळ नवी आणि आतली कड तिरपी घासलेली. म्हणून दर काही आठवड्यांनी चाकांच्या जागा बदलायच्या, डाव्या पायातली उजव्यात आणि पुढची मागे घालायची, म्हणजे सगळी सारखी झिजतात.

त्या एका तिरप्या कडेत या व्यायामाची सगळी रीत दिसते. चालताना आणि पळताना आपण जमिनीला मागे ढकलतो. स्केटरला मागे ढकलून उपयोग नसतो, चाक फक्त फिरून जाईल. तो पाय बाजूला, किंचित तिरका ढकलतो. चाकाची आतली कड जमीन पकडते आणि शरीर दुसऱ्या पायावर पुढे सरकतं. मग त्या पायाची पाळी. दर खेपेला शरीराचा सगळा भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो, आणि त्या एका पायावर तोल सांभाळत काही क्षण घसरत जायचं असतं.

पळताना दर पावलाला दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. मग पाय जमिनीवर उतरतो आणि शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर खालून वर येतो. किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात, म्हणजे पाच किलोमीटरच्या फेरीत हा दणका पाच हजार वेळा बसतो. निरोगी सांध्याला याची सवय होते. हौसेने, बेताने पळणाऱ्यांचे गुडघे पळण्याने झिजतात, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. पण ज्याचा गुडघा आधीच कुरकुरतो आहे, वजन वाढलेलं आहे, टाच किंवा नडगी दुखते आहे, त्याला दर पावलाचा हा दणका नको असतो.

स्केटिंगमध्ये शरीर हवेत जातच नाही. पाय आपटत नाही, टेकतो आणि सरकतो. भार चढतो तो हळूहळू, ढकलण्याच्या सबंध वेळात पसरून. सायकल आणि पोहणंही सांध्यांना सौम्य आहेत, पण सायकलवर शरीराचं वजन खोगिरावर असतं आणि पोहताना पाण्यावर. हाडांना आणि तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना वजन पेलण्याचं काम हवं असतं. ते स्केटिंगमध्ये भरपूर मिळतं.

कोणत्या स्नायूंना काम लागतं, तेही पाहण्यासारखं आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे कुल्ल्यांच्या बाजूचे स्नायू जवळजवळ झोपलेले असतात. चालताना-पळताना पाय पुढेमागे होतात, बाजूला क्वचितच जातात. स्केटिंगमध्ये पाय बाजूला ढकलायचा आणि परत आत ओढून घ्यायचा, हेच मुख्य काम. त्यामुळे कुल्ले, मांडीची आतली बाजू, पोट आणि कंबर अशा सगळ्यांची हजेरी लागते. एका पायावर उभं राहून पायमोजा घालता येणं हे उतारवयातलं मोठं धन आहे, आणि या व्यायामात ते व्याजासकट जमा होत राहतं.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. दणका नसला तरी गुडघा वाकलेला असतो, आणि वाकलेल्या गुडघ्यात वाटीच्या मागे दाब वाढतो. जिना उतरताना किंवा उकिडवं बसताना ज्यांची वाटी दुखते, त्यांनी फार खाली बसून स्केटिंग करू नये. आधी मांडीचे स्नायू तयार करावेत, मग हळूहळू बैठक वाढवावी.

दम किती लागतो

“पण यात घसरतच तर जायचं असतं, व्यायाम कसला?” पायऱ्यांवर बसलेल्या एका बाबांचा हा प्रश्न अगदी रास्त होता.

व्यायामाची तीव्रता मोजायला संशोधक ‘मेट’ हे एकक वापरतात. शांत बसलेल्या माणसाला लागते तेवढी ऊर्जा म्हणजे १ मेट. जगभर वापरल्या जाणाऱ्या शारीरिक हालचालींच्या सूचीच्या २०११च्या आवृत्तीत, ताशी साधारण १४ किलोमीटर वेगाने हौशी इनलाइन स्केटिंग करण्याला ७.५ मेट दिले आहेत. वेग ताशी १७-१८ किलोमीटरवर गेला की आकडा ९.८ होतो. ताशी पावणेदहा किलोमीटर वेगाने पळण्यालाही त्याच सूचीत ९.८ मेट आहेत. भराभर चालणं चार ते पाच मेटच्या घरात राहतं. सत्तर किलोच्या माणसाने मध्यम वेगाने अर्धा तास स्केटिंग केलं, तर या हिशेबाने २६० कॅलरींच्या आसपास खर्च होतात.

तेव्हा दम लागतो, आणि चांगला लागतो. अट एकच: ढकलत राहायचं. त्या बाबांच्या शंकेत तथ्य आहे ते इथे. दोन जोर मारून लांबवर घसरत गेलं की नाडी खाली येते. पळणाऱ्याला अशी सूट मिळत नाही, तो थांबला की थांबलाच. स्केटरला गतीच पुढे नेते, त्यामुळे आळस करायला वाव असतो. शिकाऊ माणसाला याची काळजी नसते. त्याची निम्मी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि तो रांगत्या वेगातही घामाघूम होतो. हात बसला की तोच वेग सोपा वाटू लागतो. मग हृदयाला काम द्यायचं असेल तर वेग वाढवावा लागतो, बैठक खाली न्यावी लागते किंवा लय न तोडता जोर मारत राहावं लागतं.

वेग वाढवला की हवा आडवी येते. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून ताशी वीसच्या पुढे प्रत्येक जादा किलोमीटर छातीतून वसूल होतो, आणि म्हणूनच शर्यतीतली मुलं एकमेकांच्या पाठीला चिकटून पळतात. पुढचा हवा फोडतो, मागचे दम राखतात.

खाली बसण्याची गोष्ट आणखी बारकाईची आहे. गुडघे खूप वाकवले की मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्यांच्यातला रक्तप्रवाह अडखळतो. १९९६ साली केनेथ रंडेल यांनी ट्रेडमिलवर इनलाइन स्केटिंग करणाऱ्या स्पीड स्केटर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाली बसून स्केटिंग करताना त्यांचं शरीर कमी प्राणवायू वापरू शकत होतं, आणि रक्तातलं लॅक्टेट मात्र जास्त होतं. साध्या भाषेत सांगायचं तर श्वास शिल्लक असतानाच मांड्या संप पुकारतात. नव्या माणसाला पाच मिनिटांत मांड्या पेटल्यासारख्या वाटतात ते याचमुळे. ज्याला हृदयासाठी व्यायाम करायचा आहे, त्याने शर्यतीतल्या मुलांइतकं खाली बसायची गरज नाही. गुडघे पायाच्या बोटांच्या वर येतील इतके वाकवावेत, पाठ किंचित पुढे झुकवावी आणि लय सलग ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करायला सांगते. स्थिरावलेलं इनलाइन स्केटिंग दुसऱ्या गटात बसतं. म्हणजे आठवड्यात अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन सत्रं झाली तरी किमान मर्यादा पार होते. नाडी मोजायचं घड्याळ नसलं तरी अडत नाही. चार-पाच शब्दांपलीकडे सलग बोलवत नसेल तर व्यायाम जोरकस आहे. गप्पा रंगत असतील तर जोर वाढवायला जागा आहे.

काकू, खाली बसा

रात्री मुलांची शेवटची बॅच सुटल्यावर त्याच रिंकवर मोठ्यांचा एक छोटा गट येतो. सरांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेला. एक आयटीतला तरुण, दोन गृहिणी, एक निवृत्तीला टेकलेले शिक्षक आणि पन्नाशीच्या एक बँक कर्मचारी. या बाई आधी पळायच्या. टाच दुखू लागल्यावर पळणं सुटलं आणि वजन वाढलं. मुलीला इथे आणता-आणता एक दिवस त्यांनी सरांना विचारलं, माझ्या मापाचे बूट मिळतील का?

सर तिशीच्या आतले. बाईंना ते ‘काकू’ म्हणतात आणि बाई त्यांना ‘सर’. “काकू, खाली बसा. घाबरलं की माणूस ताठ होतो, आणि ताठ झाला की मागे पडतो. गुडघे वाकवा, हात समोर, नजर समोर.” पहिला धडा रिंकवर नाहीच, शेजारच्या गवतावर. बूट घालून नुसतं चालायचं, एका पायावर उभं राहायचं, आणि मुख्य म्हणजे पडायचं.

पडण्याचं शिक्षण हा या व्यायामाचा पाया आहे. तोल गेला की आधी आणखी खाली बसायचं, म्हणजे जमीन जवळ येते. मग पुढच्या बाजूला, आधी गुडघ्यांच्या पॅडवर, नंतर कोपरांवर आणि शेवटी मनगटाच्या गार्डवर घसरत जायचं. बोटं वर उचललेली ठेवायची. मागे कधी पडायचं नाही. उठताना एक पाय पुढे टेकवायचा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवायचे आणि जोर देऊन उभं राहायचं. पन्नाशीच्या माणसाला जमिनीवरून आधाराशिवाय उठता येणं, हाही व्यायामच आहे.

सांध्यांना सौम्य असलेला हा व्यायाम पडण्याच्या बाबतीत मात्र सौम्य नाही, आणि हे झाकून ठेवणं म्हणजे वाचकाची फसवणूक होईल. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली अमेरिकेतल्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या १६१ जखमी इनलाइन स्केटर्सचा अभ्यास छापून आला. त्यांतल्या ३२ टक्के दुखापती मनगटाच्या होत्या आणि २५ टक्के तर मनगटाचे अस्थिभंग. मनगटाचे गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीची शक्यता घालणाऱ्यांच्या दहापटींहून अधिक दिसली. कोपराच्या पॅडचा हिशेबही असाच, साडेनऊपट.

आपल्या रिंकवर मुलांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, गुडघ्याला पॅड असतात, पण मनगटं पुष्कळदा उघडीच दिसतात. मोठा माणूस पडतो तो अधिक उंचीवरून आणि अधिक वजनानिशी, आणि त्याची हाडं मुलांइतकी लवचिक नसतात. म्हणून बूट घेण्याआधी गार्ड घ्यावेत. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, चक्कर येत असेल, मधुमेहामुळे तळपायांना बधिरता असेल, तर हा व्यायाम आपला नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावं. अशांसाठी चालणं, पोहणं आणि बसून चालवायची सायकल आहेच.

बूट, चाकं आणि सोळा बेअरिंग

मोठ्यांनी मुलांच्या मापाने विचार करू नये. वाढत्या पायासाठी लांबी कमीजास्त होणारे बूट मुलांना ठीक असतात. मोठ्यांना घोट्याला आधार देणारा, टाच घट्ट धरणारा बूट लागतो. घालून उभं राहिलं की बोटं टोकाला हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत. टाच आत उचलली गेली तर बूट मोठा आहे. घोटा आत झुकत असेल, तर दोष बहुतेक वेळा सैल बांधणीत असतो.

चाकांचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. व्यायामासाठी ८० ते ९० पुरेसे. शर्यतीतली मुलं ११० आणि १२५ची चाकं वापरतात. मोठं चाक गती जास्त टिकवतं आणि बारीक खडबडीतपणा गिळतं, पण पाय जमिनीपासून उंच जातो आणि तोल कठीण होतो. चाकाच्या कडकपणाचा आकडा ‘ए’ अक्षरासह लिहिलेला असतो. ८५ ए हा रस्ता आणि रिंक दोन्हींसाठी मधला मार्ग. प्रत्येक चाकात दोन बेअरिंग, म्हणजे चार चाकांच्या जोडीत सोळा. आपल्याकडची धूळ आणि पावसाचं पाणी या सोळांचे वैरी. ओल्या जमिनीवर चाक पकड सोडतं आणि बेअरिंग गंजतं, त्यामुळे पावसाळ्यात छताखालची जागा नसेल तर सरळ सुट्टी घ्यावी.

शिकाऊ माणसाने मागच्या टाचेला रबरी ब्रेक असलेलेच बूट घ्यावेत. शर्यतीच्या बुटांना ब्रेक नसतो. ती मुलं एक पाय मागे आडवा ओढून थांबतात, त्याला टी-स्टॉप म्हणतात. तो यायला महिने लागतात आणि चाकंही त्यात झिजतात. थांबता येत नाही तोवर उतारावर जायचं नाही, हा नियम सर कुणासाठीच वाकवत नाहीत.

गुळगुळीत किलोमीटरच्या शोधात

रिंकवर तोल येतो, पण हृदयाचा व्यायाम खऱ्या अर्थाने लांब, मोकळ्या जागेत होतो. छोट्या रिंकवर सतत डावीकडेच वळायचं, त्यामुळे एका बाजूवर भार जास्त येतो. दिशा उलटवून फेऱ्या मारणं हा त्यावरचा उपाय, पण गर्दीत तो जमत नाही.

बाहेर पडलं की पेव्हर ब्लॉक भेटतात. आपल्या शहरांतल्या पदपथांवर, सोसायट्यांच्या आवारांत, उद्यानांत सगळीकडे तेच. त्यांच्या सांध्यांवरून जाताना कंप गुडघ्यांपर्यंत येतो. ज्या सांध्यांना वाचवण्यासाठी हा खटाटोप, त्यांनाच शिक्षा. त्याखेरीज वाळू, खडी, चेंबरची झाकणं आणि गतिरोधक. स्केटिंगला हवं असतं सलग डांबर किंवा घोटलेलं सिमेंट काँक्रीट, आणि तिथे मोटार नको.

अशी जागा मिळाली की काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. २०२२ साली मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ उपक्रमात रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसह शहरातले काही रस्ते वाहनांना बंद केले. लोक चालायला आले, सायकली आल्या, योगासनांच्या सतरंज्या पसरल्या आणि स्केट्सही आले. त्यासाठी नवं काही बांधावं लागलं नाही. असलेला रस्ता काही तासांसाठी माणसांना दिला, इतकंच.

बर्लिनमध्ये मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच मार्गावर इनलाइन मॅरेथॉन होते. अव्वल स्केटर्स बेचाळीस किलोमीटर तासाभराच्या आत संपवतात. त्यांच्यामागून येतात ते हजारो हौशी लोक, त्यांत पिकलेल्या केसांचेही. पॅरिसमध्ये शुक्रवारी रात्री मोंपार्नासपासून स्केटर्सचा मोठा जथा शहरातून फेरी मारतो. तिथेही स्केट्स काही फक्त मुलांची मालमत्ता नाही.

आपल्याकडे हे लगेच होईल असं नाही. पण औद्योगिक वसाहतींतले सुट्टीच्या दिवशी रिकामे पडणारे रस्ते, महाविद्यालयांची पटांगणं, मोठ्या सोसायट्यांतले डांबरी वळसे या जागा आजही आहेत. सकाळी लवकर गेलं आणि परवानगी घेतली तर तिथे किलोमीटर सापडतो.

पहिल्या महिन्याचा बेत

सरांशी आणि त्या गटाशी बोलून, त्यांची सत्रं पाहून जे हाती आलं ते असं. सुरुवातीचे आठवडे नाडीचा विचार करायचा नाही. गवतावर चालणं, पडणं, उठणं, थांबणं, आणि मग रिंकवर छोटे जोर. याच काळात घरी भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीत बसणं आणि एका पायावर उभं राहणं. मांड्या आणि घोटे तयार झाले की मग वेळ धरायचा. दोन-तीन मिनिटं सलग ढकलायचं, एक मिनिट घसरत श्वास आवरायचा, आणि पुन्हा. घसरण्यात मिळणारी विश्रांती इथे उपयोगी पडते, कारण जोर आणि विसावा यांची ही पाळी हृदयाला चांगलं काम देते. हळूहळू जोराचा वेळ वाढवायचा आणि विसाव्याचा कमी करायचा. दोन सत्रांमध्ये एक दिवस मोकळा ठेवायचा, कारण मांडीच्या आतल्या स्नायूंना याची सवय नसते. कंबर दुखली तर बैठक कंबरेतून आहे आणि गुडघ्यांतून नाही, असं समजायचं.

त्या बँकेतल्या बाईंना मी विचारलं, पडायची भीती गेली का? “भीती आहे,” त्या म्हणाल्या, “पण आता ती माझ्या गुडघ्यांना कळते. तेच वाकतात.” टाच दुखत नाही का, यावर त्यांनी मान हलवली. आपटतच नाही, तर दुखेल कशाला.

मला सगळ्यांत मोठी अडचण रस्त्याची किंवा बुटांचीही वाटली नाही. चारचौघांत शिकाऊ व्हायला मोठ्या माणसाला संकोच वाटतो, ही खरी अडचण आहे. सात वर्षांची मुलगी शेजारून सूं करून जाते आणि आपण कठडा धरून उभे असतो, हे सोसायला मन लागतं. मोठ्यांची वेगळी बॅच लागते ती यासाठी. तिथे सगळेच पडतात, म्हणून कुणीही पडू शकतो.

महापालिका, जिल्हा क्रीडासंकुलं आणि शाळा यांच्याकडे माझी मागणी छोटी आहे. मुलांची शेवटची बॅच सुटल्यावर रिंकचे दिवे आठवड्यातून तीन दिवस आणखी एक तास चालू ठेवा, मनगटाच्या गार्डशिवाय कुणालाही आत सोडू नका आणि शिकवणाऱ्याला त्या तासाचे पैसे द्या. रिंक जनतेच्या पैशातून बांधलेले आहेत, शिकवणारे गावोगाव आहेत आणि हृदयविकाराचा खर्च या तासापेक्षा कितीतरी जास्त आहे. आणि पायऱ्यांवर बसलेल्या आईबाबांना सांगायचं ते इतकंच: मुलाला पुढच्या मापाचे बूट घ्यायला दुकानात जाल, तेव्हा आपलाही पाय मोजून घ्या.